बोहल्यावरचं झुंबर

हल्ली लग्नात फुलं डोक्यावर असतात. पूर्वी ती दाराला असायची, बोहल्याच्या खांबांना असायची, बायकांच्या केसांत असायची. आता ती छताला टांगतात. फुलांचं छत, फुलांचा पाऊस, फुलांचं झुंबर. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, "अस्संच पाहिजे." मी आधी फोटो बघत नाही. आधी विचारते, हॉल कुठला? छत कसलं? हूक कुणी ठोकलाय? गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत राहतं. फुलवाल्या बाईने छताची चौकशी कशाला करावी, असं त्यांना वाटतं. वाटू दे.

मी लालबागची. दादरच्या फुलबाजारात माझा गाळा आहे. तो ना सासरचा, ना माहेरचा. टोपली घेऊन रस्त्यावर वेण्या विकल्या, पोलिसांची गाडी आली की टोपली डोक्यावर घेऊन पळाले, आणि मग हळूहळू तो उभा केला. भाव करण्यात माझा हात कुणी धरत नाही. नाशिकचा गुलाबवाला असो की बंगळुरूहून माल आणणारा, माझ्यासमोर आला की आधीच म्हणतो, "मावशी, आज शिव्या नको, शेवटचा भाव सांगतो." राग माझ्या नाकावर असतो हे मला माहीत आहे. त्या रागानेच मला जगवलंय.

दर मोसमाला बाजारात नवं खूळ येतं. एका वर्षी सगळ्यांना पांढरं हवं होतं. नवरीच्या मागे पांढरं, खाली पांढरं, जेवणाच्या टेबलावर पांढरं. म्हाताऱ्या माणसांनी तोंडं वाकडी केली, पण फोटोत छान येतं म्हटल्यावर सगळे गप्प. झेंडू नको, म्हणे देवळासारखा दिसतो. पुढे तीच माणसं झेंडू मागायला आली, म्हणे जुना लुक परत आलाय, फक्त भडक केशरी नको, पिस्ता रंगात मिळेल का? मी म्हटलं, "पिस्तेच आणून देते, ते ओवा." मग वाळलेलं गवत आलं, कुंचल्यासारखं. कोकणात आमच्या घरामागे असलं गवत कापून गुरांना घालतात. ते इथे विमानाने येतं आणि माणसं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढतात. मुंडावळ्यासुद्धा आता खऱ्या फुलांच्या हव्यात, मोगऱ्याच्या कळ्या आणि मध्ये एखादं ऑर्किड. हे सगळं मी शिकले. चेष्टा केली, पण शिकले. धंद्यात जो शिकत नाही तो संपतो.

आणि मग आलं हायड्रेंजिया. निळसर, गुलाबीसर, भाताच्या मुदीएवढा गोल गुच्छ. दिसतो देखणा, पण पाण्यावाचून घटकाभर राहत नाही. मान टाकतो आणि मग ओल्या कागदासारखा लोंबतो. मुंबईच्या हवेत हे फूल म्हणजे डोक्याला ताप. पण नवऱ्या मुलींना तेच हवं असतं.

ज्या लग्नाबद्दल लिहायचं आहे त्यातही तेच होतं.

नवरी डिलाईल रोडची. तिची आई आणि मी एकाच चाळीत वाढलो, मी पुढे लग्न होऊन लालबागला आले एवढंच. त्या मुलीच्या बारशाला पाळण्याला फुलं मी बांधली होती, त्यामुळे लग्नाचं काम माझंच, यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण नवरा मुलगा गिरगावातला, जुन्या घरंदाज माणसांतला, घरात सगळे डॉक्टर नाहीतर वकील. मुलाच्या आईने सांगितलं, सजावट आमचा माणूस करील, तुम्ही हार, वेण्या, मुंडावळ्या आणि सुट्टी फुलं द्या. आमचा माणूस म्हणजे कोण, तर तो.

त्याचं नाव घेत नाही. कधी काळी तो माझ्याच गाळ्यावर बसून हार ओवायला शिकला. सुई कशी धरायची, शेवंतीचा देठ किती ठेवायचा, माल घेताना टोपलीच्या तळाचं फूल आधी कसं बघायचं, सगळं माझ्याकडे शिकला. मग एक दिवस माझी चांगली गिऱ्हाइकं घेऊन निघून गेला. आता तो स्वतःला डिझायनर म्हणवतो. काळा शर्ट घालतो, कानात ते छोटं यंत्र अडकवतो आणि इंग्रजीत फोन करतो. त्या लग्नात मी त्याच्या हाताखाली फुलं पुरवणार होते. नाही म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मुलीकडे बघून गिळलं.

लग्न भर दुपारी होतं. गिरगावातला जुना हॉल, पहिल्या मजल्यावर, उंच छत, सागवानी तुळया. मधल्या तुळईत लोखंडी हूक, त्याला रामनवमीला पाळणा टांगतात. हॉलला अलीकडेच रंग दिला होता, एसी बसवले होते. मी सकाळी माल घेऊन पोचले तेव्हा त्याची माणसं झुंबर वर चढवत होती. लोखंडी कडं, त्याला जाळी, जाळीत हिरव्या फोमच्या विटा भरलेल्या, त्यात हायड्रेंजिया खोचलेलं आणि खाली ऑर्किडच्या सरी सोडलेल्या. बोहल्याच्या बरोबर मधोमध. नायलॉनची दोरी हुकावरून घेऊन बाजूच्या खांबाला बांधली होती. दोन माणसांनी ते सहज ओढलं. देखणं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. माझ्या पोटात दुखलं. हे मला का सुचलं नाही, असंही मनात आलं.

"कसं वाटतंय मावशी?" तो खालून म्हणाला.

"खांबाला गाठ नीट मार."

"तुम्ही कधी चांगलं म्हणणारच नाही."

मी नवरीच्या खोलीत गेले. तिच्या केसांत वेणी माळली, मुंडावळ्या बांधल्या. ती हसत होती, घामाघूम झाली होती. तिची आई दर घडीला येऊन तिच्या कपाळाचा घाम टिपत होती. या कामात वेळ गेला. कळी दबता कामा नये, आणि पोरीची मान सारखी वळत होती.

बाहेर आले आणि बघते तर त्याचा माणूस शिडीवर उभा राहून पाइपाने झुंबराला पाणी घालत होता. वरचे गुच्छ मान टाकायला लागले होते, म्हणून. झुंबरातून धार लागली होती, खाली बादल्या ठेवल्या होत्या.

हा फोम ज्यांनी हाताळला नसेल त्यांना सांगते. कोरडी वीट पापडासारखी हलकी असते. लहान मूल एका हातात चार धरील. तीच वीट पाण्यात सोडली की पाणी पिते आणि खरोखरच्या विटेसारखी जड होते. त्या जाळीत किती विटा होत्या हे मी सकाळी बघितलं होतं. सगळ्या पाणी प्यायल्या होत्या. दोन माणसांनी ओढून वर नेलेलं ते झुंबर आता दोघांना जागचं हलवता आलं नसतं.

"पाणी कुणी सांगितलं घालायला?" मी त्याला विचारलं.

"फुलं मरतायत मावशी. मुहूर्तापर्यंत टिकायला नकोत?"

"सकाळी सुकं होतं ते. आता वजन बघ."

"मी हे रोज करतो."

मी वर बघितलं. सकाळी ऑर्किडच्या सरी मागच्या भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीच्या वर संपत होत्या. आता त्या मुकुटापर्यंत आल्या होत्या. झुंबर खाली आलं होतं. पायाखालच्या पाटावर पांढरी पूड दिसली. अक्षता सांडल्या असतील म्हणून वाकून बोटावर घेतली. चुना. 

त्याला हाताला धरून आणलं. त्याने पाट पुसला. "रंगकाम झालंय, पोपडे पडतात. आणि नायलॉन आहे, वजन आलं की ताणतो. सरी खाली आल्या त्या त्यामुळे. तुम्हाला माहीत नाही का?"

मला माहीत होतं. नायलॉन ताणतो. जुन्या छताचा चुना पडतो. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर भीती वाढली, कारण मला धरायला काहीच राहिलं नाही. 

हॉलच्या मॅनेजरकडे गेले. तो ऑफिसात चहा पीत होता.

"बाई, त्या हुकाला दरवर्षी पाळणा लावतो आम्ही."

"पाळण्यात रामाची मूर्ती असते, वीतभर."

"मग?"

"मग काय मग? तिथे आज चार माणसांचं ओझं टांगलंय."

"ब्रिटिशांच्या वेळचं लोखंड आहे ते."

"लाकूडपण त्याच वेळचं आहे ना? आतून वाळवीने खाल्लं असलं तर लोखंडाला कोण धरणार?"

तो हसला. "तुम्ही फुलं विकता की बिल्डिंग पाडता?"

मग मुलाच्या आईकडे गेले. पैठणी, गळ्यात तन्मणी, हातात पाहुण्यांची यादी. शांत बाई. मी जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं की झुंबर उतरवा, किंवा निदान पाट पुढे घ्या. तिने पूर्ण ऐकून घेतलं, हे तिचं मोठेपण. मग म्हणाली, "एक विचारू का? रागावू नका. हे काम तुम्हाला मिळालं नाही, त्यांना मिळालं, म्हणून तुम्हाला असं वाटतंय का?"

 कुणी दुसऱ्याने विचारलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. तिच्यापुढे ते जमलं नाही. कारण ती म्हणते ते खरं की खोटं, हे मलाच ठाऊक नव्हतं. त्याच्यावरचा माझा राग इतका जुना, इतका रोजचा, की तो कुठे संपतो आणि भीती कुठे सुरू होते हे मला तिथे उभं राहून सांगता आलं नसतं. ते झुंबर कोसळावं असं मला वाटत तर नाही ना, हाही विचार आला. 

नवरीची आई कोपऱ्यात ओटीची ताटं लावत होती. तिला सांगायला गेले. तिने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. "गो, आज माझ्या चेडवाचा लगीन आसा," ती दातांतून म्हणाली. "त्यांची माणसा मोठी. तू आता कायच बोला नको. तुका माझी शपथ."

"तुझ्याच चेडवाच्या डोक्यावर टांगलंय ते."

"शपथ घातलंय मी."

राहिले गुरुजी. ते बोहल्याजवळ पूजेची मांडणी करत होते. तरुणच होते, चष्मा लावणारे. भाव करायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे मी सरळ सौद्यावरच आले.

"गुरुजी, पाट अंमळ पुढे ओढले तर शास्त्राला चालतं?"

"दिशा तीच असली की शास्त्राला चालतं. पण कॅमेऱ्याला चालणार नाही."

"कॅमेरा लग्न लावतो की तुम्ही?"

"बाई, खरं सांगू? हल्ली तोच लावतो." मग त्यांनी वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि आपलं स्वतःचं आसन निमूटपणे भिंतीकडे सरकवलं.   आत्तापर्यंत कुणी माझं ऐकलं नव्हतं म्हणून माझी भीती माझ्यापुरती होती. आता ती आणखी एका माणसाच्या अंगात शिरली होती.

मुहूर्त जवळ आला. पाहुणे भरले. ऐंशीच्या घरातल्या आज्यांपासून काखेतल्या पोरांपर्यंत सगळे बोहल्याभोवती दाटले. मामा नवरीला घेऊन आला. ती पाटावर उभी राहिली, समोर अंतरपाट धरला गेला, पलीकडे मुलगा. दोघांच्या डोक्यावर ते निळं, गुलाबी, ठिबकणारं ओझं. एसीच्या वाऱ्याने ते हळूहळू फिरत होतं, थांबत होतं, उलटं फिरत होतं. नवरीच्या खांद्यावर एक थेंब पडला. तिने वर बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी तोंड केलं असेल. काय केलं ते मला माहीत नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली. दर कडव्याला सगळा हॉल सावधान म्हणतो आणि अक्षता उडतात. एरवी मी अक्षता टाकून मोकळी होते. त्या दिवशी दर सावधानला माझे खांदे आपोआप वर जात, जणू माझ्याच डोक्यावर काही पडणार आहे. लोक गात होते, कुणाची तरी आत्या सूर सोडून ताणत होती, पोरं हसत होती, आणि मला त्या सगळ्याच्या वर एक आवाज ऐकू येत होता. कुर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा कुर्र. दोरीचा असेल. लाकडाचा असेल. माझ्या कानाचाही असेल. नंतर कुणालाच तो आठवत नव्हता.

पळून जावं असं वाटलं. खाली उतरावं, रस्ता ओलांडावा, पहिली मिळेल ती टॅक्सी धरावी आणि जे होईल ते माझ्यामागे होऊ दे. पाय जिन्याकडे वळलेसुद्धा. पण माझ्या हातात परात होती आणि परातीत हार होते.

हार माझेच होते. निशिगंधाच्या कळ्यांचे, मध्ये गुलाबाच्या पाकळ्या दुमडून ओवलेल्या. अंतरपाट दूर झाला की हार पुढे करायचे, हे माझं काम ठरलं होतं. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना मला कळलं, की सगळ्या हॉलमध्ये ज्यावर सौदा करता येईल अशी वस्तू एकच आहे आणि ती माझ्याकडे आहे.

मी बोहल्याच्या अगदी पुढच्या कडेला जाऊन उभी राहिले. झुंबराच्या सावलीबाहेर.

अंतरपाट गेला. टाळ्या, सनईची रेकॉर्ड, अक्षतांचा पाऊस. मुलाने हात पुढे केला. हार नाहीत.

"अहो, हार!" मुलाची आई म्हणाली.

"हार इथे आहेत," मी म्हटलं. "इथे या आणि घाला."

आधी कुणाला कळलंच नाही. रेकॉर्डचा आवाज मोठा. मग मामा माझ्याकडे यायला लागला, परातीकडे हात केलेला. मी एक हार उचलला, दोऱ्यात बोट अडकवलं आणि ओरडले. माझा आवाज बाजारात तयार झालेला आहे, तो सनईच्या वर गेला. "हात लावाल तर तोडून टाकीन. देवाशपथ तोडीन!"

सगळा हॉल थिजला. मुहूर्तावर हार तुटणं म्हणजे काय, हे तिथल्या डॉक्टरालाही कळत होतं आणि वकिलालाही. कुणीतरी म्हणालं, "वेडी आहे का ही?" कुणी म्हणालं, "पैशावरून असेल." तो काळ्या शर्टात माझ्या बाजूला येऊन दबक्या आवाजात म्हणत होता, "मावशी, मी पाया पडतो, माझं नाव जाईल, मावशी." नवरीच्या आईकडे मी बघितलं नाही.  दोरा माझ्या बोटावर इतका ताणला होता, की तो आपसूकच तुटेल असं वाटत होतं.

मग नवरी हलली. तिने शालू उचलला, पाटावरून उतरली आणि मुलाला म्हणाली, "चल ना, तिकडे उजेड चांगला आहे." जणू तिलाच ते सुचलं होतं. मुलगा बिचारा गोंधळलेला, पण चालायला लागला. त्यांच्यामागे मामा, करवली, कॅमेरेवाले, आज्या, पोरं, अख्खा घोळका पुढे सरकला. झुंबराखाली दोन रिकामे पाट राहिले.

तिने हार घातला, त्याने घातला. पुन्हा टाळ्या. मी परात खाली ठेवली आणि मला दिसेनासं झालं. कुणीतरी खुर्ची दिली.

आता ते पडायला हवं होतं, नाही का? गोष्ट असती तर पडलं असतं. ते पडलं नाही.

होम कोपऱ्यात होता, धुराने फुलं काळी पडू नयेत म्हणून त्या काळ्या शर्टवाल्यानेच लांब ठेवलेला. ती काळजी मिटली. पण नंतर पाहुणे भेटायला रांगेने बोहल्यावर येणार, आणि सोफा मांडला होता तो बरोबर झुंबराखाली. मी जेवले नाही. बोहल्याशी बसून राहिले. पोरं खाली पडलेल्या पाकळ्या वेचायला झुंबराखाली धावायची, मी त्यांना हुसकवायची. एकाला तर दंडाला धरून ओढलं, त्याची आई माझ्यावर धावून आली. "फुलवाली आहात ना तुम्ही? मग फुलवालीसारख्या राहा की!" मी ऐकून घेतलं. माझ्या आयुष्यात मी इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं.

नवरी मात्र सोफ्यावर बसली नाही. सासू म्हणाली, फोटोवाला म्हणाला, तो स्वतः येऊन हात जोडून म्हणाला. ती म्हणाली, "मला इथेच बरं वाटतंय." आणि बोहल्याच्या कडेला, साध्या ट्यूबलाइटखाली, जड शालूत, ताटकळत उभी राहिली. पाहुणे संपेपर्यंत उभी राहिली. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिने माझा चेहरा तेवढा पाहिला होता. तिची आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. डिलाईल रोडला गेले की ती मला बघून दुसऱ्या फुटपाथला जाते. गिरगावातल्या त्या घराच्या नात्यातलं एकही काम मला आलं नाही, आणि बाजारात पसरलं की बाई जळते, हाताखाली शिकलेल्या पोराचं नाव बुडवायला मुहूर्त अडवला. त्या मुलीने पाय दुखेस्तोवर उभं राहून काय केलं, ते कुणी मोजलं नाही.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. मी माझ्या पराती गोळा करत होते. त्याच्या माणसांनी दोरी सैल केली आणि चौघांनी मिळून, कण्हत, झुंबर खाली घेतलं. जमिनीला लागलं तेव्हा फोमातून पाण्याचं तळं झालं. पण खाली आलं ते नीट आलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी वर बघितलं. हूक जागच्या जागी.

तो माझ्याजवळ आला. दिवसभर दाबून ठेवलेलं त्याच्या तोंडावर आलं होतं.

"बघितलंत? काही झालं?"

मी पराती एकात एक घालत राहिले.

"माझा दिवस घालवलात तुम्ही. एवढी मेहनत, आणि हार घालतानाच्या एकाही फोटोत नवरानवरी झुंबराखाली नाहीत. लोकांना मी काय दाखवू? रिकामे पाट?"

"दाखव तेच."

"तुम्हाला सहन होत नाही मावशी. मी मोठा झालो ते तुम्हाला सहन होत नाही."

"नाही होत," मी म्हटलं. "चोरून मोठा झालास, ते नाहीच होत. पण वजन जास्त होतं, तेही खरं."

"जास्त?" तो हसला. झुंबर सोडवल्यावर हुकावरून दोरीची दोन टोकं खाली लोंबत होती. त्याने ती दोन्ही मुठीत धरली, खुर्चीवर चढला आणि पायाने खुर्ची उडवून दिली. त्याचं सगळं शरीर अधांतरी लोंबलं आणि झोका घेऊ लागलं. काळा शर्ट, वर गेलेले हात, हसणारं तोंड. "हे बघा! आता मोड म्हणावं त्या हुकाला! मोड!" त्याची माणसं हसायला लागली. एकाने मोबाईल काढला.

"उतर," मी म्हटलं.

"काय झालं मावशी? घाबरलात?"

"उतर मेल्या! उतर खाली!"

तो आणखी जोरात झुलायला लागला. इतकी वर्षं मी या माणसाचं वाईट चिंतलं होतं, उघड, बाजारात, चारचौघांत. परात माझ्या हातातून कधी सुटली मला कळलं नाही. मी धावत गेले, पाण्यात घसरले, सावरले, आणि पुढे आलेले त्याचे गुडघे दोन्ही हातांनी कवटाळले. दिवसभर ओझं सोसलेल्या त्या तुळईवर त्याचं वजन येऊ नये म्हणून जमेल तेवढं त्याला वर उचलून धरलं. त्याचे बूट माझ्या साडीवर घासत होते. तो वरून ओरडत होता, "सोडा मावशी, सोडा, पडीन ना मी!"

मी सोडलं नाही. डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि त्याने दोरी सोडावी म्हणून तशीच उभी होते.